नाथज्योतीला काहीच लागत नाही

१ जुलै
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मोठी माणसं टिपणं ठेवत नाहीत आणि मागून लोक त्यांच्याबद्दल वाट्टेल ते लिहितात. माझ्या बाबतीत ती सोय ठेवायची नाही.

संकल्प: सकाळी सहाला फिरायला जाणे. केंद्रावर आठवड्यातून दोनदा जातो, ते रोज जाणे. ‘विकसनशील देशांतील कृषी संशोधन आणि सार्वजनिक निधी’ हा पेपर दिवाळीच्या आत पुरा करणे. शीर्षक झालंय. म्हणजे अवघड भाग संपला.

नोंद असावी म्हणून: मी डॉ. नाथाजी, कवठे महांकाळच्या पुढे अकरा किलोमीटरवर असलेल्या कोरडवाहू ज्वारी संशोधन उपकेंद्राचा प्रमुख. मुक्काम सांगली. मंजूर पदं बारा, रिकामी दहा. उरलेल्या दोनांपैकी एक मी. दुसरी क्रांती, कंत्राटी संशोधन सहायक, वय सव्वीस, प्रश्न फार विचारते. शिवाय धोंडुबाई. ती कुठल्याच पदावर नाही, एकोणीस वर्षं रोजंदारीवर आहे.

२ जुलै
सहाला जाग आली. परत झोप लागली ही वेगळी गोष्ट. केंद्रावर जाता आलं नाही. जीपमध्ये डिझेल नाही. डिझेलच्या हेडखाली पैसे संपलेत. दुरुस्तीच्या हेडखाली पैसे आहेत, पण मेली जीप बिघडत नाही.

९ जुलै
पत्र आलं. केंद्राचं अनुदान येत्या मार्चअखेर संपतंय. डिसेंबरात समिती येणार, प्रयोग बघणार आणि ठरवणार की पुढची पाच वर्षं निधी द्यायचा की केंद्राला टाळं लावायचं.

वा रे वा! शंभर रुपयांच्या शेतमालामागे संशोधनाला आठ आणेही धड मिळत नाहीत म्हणतात, आणि त्या आठ आण्यांसाठी आम्ही परीक्षा द्यायची. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कुठली समिती बसते का? आणि देतात तेही कसं! तीन वर्षांपूर्वी अठ्ठावीस मार्चला पैसे आले, एकतीसच्या आत खर्च करा म्हणून. मी धडाडीने माती तपासायचं मोठं मशीन घेतलं. त्याला थ्री-फेज लागते. थ्री-फेजचं हेड वेगळं. मशीन अजून खोक्यात आहे आणि खोक्यात मांजर वितं. केंद्रात वेळापत्रकाप्रमाणे चालणारं तेवढं एकच काम.

धोंडुबाईला क्रांतीने पत्राचं सांगितलं. काही गरज नव्हती. धोंडुबाई माझ्याकडे आली, म्हणाली, सायेब, केंद्र बंद झालं तर आमी कुटं जायाचं? घरात माज्याच हजेरीवर चूल पेटतीया. तिला म्हटलं, मी असेपर्यंत केंद्र बंद होत नसतं. तिचा चेहरा उजळला. लोकांना धीर देण्याची कला माझ्याकडे जन्मजात आहे.

१८ जुलै
योजना पक्की. माझा नवा वाण समितीसमोर उभा करायचा. नाव: नाथज्योती. राजेश्वरीला सांगितलं तर म्हणाली, नाथ कळला, ही ज्योती कोण? बायकोला विज्ञानाचं काही सांगण्यात अर्थ नाही.

समोरासमोर दोन वाफे. हिरव्या पाटीचा नाथज्योतीचा. त्याला रासायनिक खताचे पूर्ण डोस. पिवळ्या पाटीचा तुलनेसाठी, त्यात गावरान शाळू ज्वारी, धोंडुबाईच्याच घरचं बियाणं. त्याला खताचा कणही द्यायचा नाही. समितीने आल्याबरोबर फरक बघावा आणि सही करावी.

क्रांती म्हणाली, सर, दोन्हीला सारखंच खत नको का? नाहीतर तुलना वाणाची झाली की खताची? म्हटलं, कुस्तीत आपण आपल्या पैलवानाला खुराक देतो, समोरच्याला दूध-बदाम पाठवत नाही. तिने वही मिटली. पटलं असावं.

धोंडुबाई झाडू मारता मारता ऐकत होती. तिला बजावलं, पिवळ्या पाटीला काही म्हणजे काही घालायचं नाही. तिने विचारलं, त्येनं काय पाप केलंय? या लोकांना प्रयोग म्हणजे काय ते कळायला अजून दोन पिढ्या जाव्या लागतील.

५ ऑगस्ट
फिरणं: एकूण दोन दिवस. सरासरी वाईट नाही. पेपर: पहिलं वाक्य लिहिलं, खोडलं.

२२ ऑगस्ट
केंद्रावर गेलो. जीपमधूनच पाहणी केली, कारण बूट नवे आहेत. पिवळ्या पाटीकडून मेंढरांचा उग्र वास. रस्त्याने कळप गेला असणार. या मुलखात माणसांपेक्षा मेंढरं जास्त आणि अक्कल दोघांत मिळून एकाची. धोंडुबाईला म्हटलं, कुंपणाकडे लक्ष ठेव. तिने तोंडाला पदर लावला. खोकली असेल. काच वर करून परत फिरलो.

१७ सप्टेंबर
पेरणी. मुहूर्ताचा नारळ माझ्या हस्ते. तिफणीवर हात ठेवून फोटो, तीन अँगलने. सव्वादहाला निघालो. उरलेली किरकोळ कामं, म्हणजे पेरणी, क्रांती आणि धोंडुबाईने केली.

८ ऑक्टोबर
नाथज्योतीला खताचा दुसरा डोस द्यायला सांगितलं. क्रांतीचा फोन. म्हणते, सर, जमिनीत ओल नाही, आत्ता खत टाकलं तर पीक करपेल. म्हटलं, पुस्तकात डोस दोन आहेत, ओलीचं तू माझ्यावर सोड. शेवटी टाकलं. अनुभव शेवटी अनुभव असतो.

७ नोव्हेंबर
दिवाळी झाली. पेपर राहिला. फराळाच्या वातावरणात गंभीर लेखन होत नाही, हे जगभर सिद्ध झालेलं असणार. नवी मुदत: एकतीस डिसेंबर.

१४ नोव्हेंबर
साताऱ्याला आढावा बैठक. वडूजकडच्या केंद्राचा तो डॉ. अजहर उठला आणि भर बैठकीत म्हणाला, आमचा हरभऱ्याचा प्रयोग फसला, का फसला ते अजून कळलेलं नाही, समितीला तसंच दाखवणार आहे. मी पाणी पीत होतो, ठसकाच लागला! सरकारी पैशाने वाटोळं करायचं आणि वर ते सरकारलाच दाखवायचं. ह्याला हरिश्चंद्र म्हणावं की येडपट?

चहाला त्याला बाजूला घेतलं. वडीलकीच्या नात्याने सांगितलं, अरे बाबा, वाळलेल्या वाफ्यावर हिरवी नेट टाक, लांबून बरं दिसतं. हसून म्हणाला, आवं सर, फसलं त्ये फसलं. त्येच तर शोधायला पैसा मागायचाय. ह्याचं केंद्र मार्चमध्ये गेलं म्हणून समजा. चांगला होता बिचारा.

२३ नोव्हेंबर
हे लिहिताना पेनने कागद फाटला. रागाने.

सप्टेंबरनंतर आज प्रथमच जीपमधून उतरलो. हिरव्या पाटीजवळ नाथज्योती गुडघ्याएवढी, पानांची टोकं करपलेली, मधे मधे खोडमाशीने पोंगे, म्हणजे मधले कोंब, मेलेले. आणि समोर पिवळी पाटी! डोक्याच्या वर गेलेला काळाभोर शाळू, मनगटाएवढी ताटं, कणसं निसवायला लागलेली. रस्त्याने जाणारा एक मोटरसायकलवाला थांबून म्हणाला, सायेब, पिवळ्या पाटीचं बी कुटं मिळंल? त्याला हाकलला.

क्रांतीला विचारलं. तिने धोंडुबाईकडे बघितलं. धोंडुबाईने जमिनीकडे बघितलं. मग सगळं बाहेर आलं.

बाईने ऑगस्टात पिवळ्या वाफ्यात मेंढरं बसवली! एक नाही, दोन नाही, चार रात्री. तिच्या भावाचा मुलगा मल्हार, त्याची दोनशे मेंढरं. पेरणीच्या आधी रानात कळप बसवायचा, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरवायचं आणि धनगराला त्याबद्दल धान्य द्यायचं, ही इकडची जुनी रीत. बाईने मल्हारला दोन पायली शाळू स्वतःच्या घरातला दिला. केंद्राच्या वाफ्यासाठी!

विचारलं, का केलंस? म्हणाली, आवं सायेब, एका लेकराला दूधभात आन् दुसऱ्याला नुस्तं पाणी. बघवंना झालं मला. माज्याच घरचं बी हुतं त्ये, उपाशी कसं ठिवायचं? मी त्या वाफ्याला खाऊ घातलं, सरकारचं काय चोरलं न्हाई.

विज्ञानाला कीव नावाची कीड लागली तर औषध कुठलं मारायचं? लय म्हणजे लय ओरडलो. रडली. मग उठून तिने चहा केला. मी पिऊन टाकला. टाकून देणं बरं दिसलं नसतं.

२४ नोव्हेंबर
क्रांतीचं म्हणणं: जे झालं ते तसंच लिहू. मेंढरं बसवलेल्या रानाने ओल धरली, रासायनिक खताने कोरड्यात पीक करपलं. हाच निष्कर्ष आहे सर, ह्यावरच पुढची तीन वर्षं काम करता येईल. तिने मापंसुद्धा घेऊन ठेवलीत, ऑगस्टपासून. म्हणजे तिला ठाऊक होतं! म्हटलं, मला का सांगितलं नाहीस? म्हणाली, सर, दोनदा सांगायला आले होते, तुम्ही काच खाली केली नाहीत.

मी पंचवीस वर्षं संशोधन करून समितीला काय दाखवू? लेंड्या?

१ डिसेंबर
समितीचा नवा फॉर्म आला. त्यात मोठा चौकोन: ‘कमी निविष्ठांवर येणारे वाण’. म्हणजे खत-पाणी कमी लागणारे. दिल्लीत सध्या ह्याचीच हवा आहे.

डोक्यात वीज चमकली. अशा वेळी वाटतं, माझा जन्म विनाकारण या तालुक्याच्या वाटेवर खर्ची पडला.

पेंटरकडे दोन नव्या पाट्या टाकल्या. एक हिरवी: ‘नाथज्योती. शून्य खत, शून्य पाणी, शून्य खर्च’. दुसरी पिवळी: ‘स्थानिक वाण. खताचे पूर्ण डोस’. कुठली कुठे लावायची ते माझ्या मनात आहे. त्यात खोटं फारसं नाही. पिवळ्या वाफ्याला आपण खत दिलं नाही हे खरं. हिरव्याला दिलं हेही खरं. राहता राहिलं नाव. नावात काय असतं?

११ डिसेंबर, सकाळी ६.३०
उद्या समिती. आज स्वतः जीप चालवत आलो, क्रांती यायच्या आत. पहारीने जुन्या पाट्या उपटल्या, नव्या रोवल्या. गेल्या सहा महिन्यांत माझ्याकडून झालेलं हे पहिलं शेतकाम. कंबर धरली.

पाठीमागे धोंडुबाई उभी. तिला वाचता येत नाही, पण डोळे आहेत. म्हणाली, सायेब, तुमचं त्ये बुटकं हिकडं, आन् ह्यो माजा शाळू. पाट्या उलट्या झाल्या का काय? म्हटलं, ऑफिसचं काम आहे, तुला कळायचं नाही. केंद्र वाचवायचंय ना? मग उद्या कुणी विचारलं तर मेंढरांचं नाव काढायचं नाही. म्हणाली, न्हाई काढत. केंद्र ऱ्हाऊ द्या म्हंजी झालं. आणि पाटीच्या बुडाशी दगड घालून तिनेच ती घट्ट केली.

क्रांती नऊला आली. पाट्या वाचल्या. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. उत्तम. एक दिवस तरी शांतता.

१२ डिसेंबर
जिंकलो!

तीन माणसं आली. अध्यक्ष दिल्लीचे, हिंदीत बोलतात, टोपी घालतात, हसत नाहीत. नाथज्योतीच्या पाटीसमोर उभे राहिले आणि मान वर करून बघत बसले. मी पाऊण तास बोललो. त्यांनी विचारलं, खत? म्हटलं, शून्य. पाणी? शून्य. फवारणी? शून्य. मग म्हणाले, म्हणजे ह्या वाणाला काहीच लागत नाही? माझी छाती भरून आली. म्हटलं, काहीच नाही सर! एक पैसा लागत नाही! त्यांनी हे दोनदा विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. अधोरेखितसुद्धा केलं. मी स्वतः बघितलं.

मग त्यांनी धोंडुबाईला बोलावलं. समितीतल्या पुण्याच्या बाईंनी मराठीत विचारलं, मावशी, खरं सांगा, ह्या वाफ्याला तुम्ही काय घातलं? धोंडुबाईने माझ्याकडे बघितलं, शाळवाकडे बघितलं. म्हणाली, कायबी न्हाई घातलं ताई. सायबांनी घालूच दिलं न्हाई. ह्ये आपलं आपुन वाढलं.

अडाणी बाई, पण वेळेला काय बोलली! पुढच्या वर्षी हिच्या रोजंदारीचं बघायला पाहिजे. संकल्पात घालतो.

क्रांतीला अध्यक्षांनी काहीतरी विचारलं. ती म्हणाली, सर सांगतील. घाबरट पोर.

१ जानेवारी
नवीन वर्ष. संकल्प: मागचे सगळे, अधिक धोंडुबाईची रोजंदारी. पेपरची नवी मुदत गुढीपाडवा. आता त्यात नाथज्योतीवर वेगळं प्रकरण लागेल, म्हणून उशीर होणं साहजिक आहे.

१५ जानेवारी
समितीचं पत्र! ‘आपल्या उपकेंद्राने अत्यल्प साधनांत साधलेले यश इतर केंद्रांना आदर्शवत असून समिती आपले हार्दिक अभिनंदन करीत आहे.’ सांगलीत पेढे वाटले, कॉलनीत सोळा घरं. राजेश्वरी म्हणाली, पैसे किती मंजूर झाले ते लिहिलंय का? म्हटलं, अभिनंदन कुणी फुकट करत नाही. केंद्रावर फोन केला. धोंडुबाईने म्हणे देवाला नारळ फोडला.

१६ जानेवारी
पत्राला दुसरं पान होतं.

‘सदर वाणास कोणत्याही निविष्ठेची आवश्यकता नसल्याचे, तसेच प्रकल्पाचे उद्दिष्ट पूर्णतः साध्य झाल्याचे समितीस प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले. सबब पुढील निधीची गरज दिसून येत नाही. उपकेंद्र ३१ मार्चपासून बंद करण्यात यावे. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.’

चार वेळा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

असली माणसं निधीवर बसवतात! यश मिळालं तर पैसे बंद! मग यश मिळवायचं कुणी आणि कशाला? हा देश पुढे जात नाही तो ह्यामुळे.

१९ जानेवारी
अजहरचा फोन. त्याला तीन वर्षांचा निधी मंजूर. प्रयोग का फसला ते शोधायला! मी अभिनंदन केलं. दातओठ खात केलं, पण केलं.

तर तो म्हणतो, सर, तुमचं ऐकलं, लय वाईट वाटलं. क्रांतीकडून त्याला सगळं कळलंय. पाट्यांसकट. म्हणाला, अजून मुदत हाय. खरं काय झालं त्ये लिहून पाठवा. उद्दिष्ट साध्य झालं न्हाई म्हटल्यावर केंद्र बंद करता येत न्हाई त्यांना. मेंढरांच्या खतावर आपण दोघं मिळून काम करू, मी तसं समितीला लिहितो. तुमाला थोडं बोलतील, पण धोंडुबाईची रोजी वाचंल.

म्हणजे वडूजच्या पोराने मला आता खरं बोलायला शिकवायचं.

तरी विचार केला. केंद्र वाचलं पाहिजे हे तत्त्व म्हणून मान्य. लिहितो. उद्या.

२८ जानेवारी
हरकतीच्या पत्राचे तीन मसुदे तयार. पहिल्यात लिहिलं, ‘मी पाट्या बदलल्या’. फार उघडंवाघडं वाटलं. दुसऱ्यात, ‘पाट्यांची अदलाबदल झाली’. ह्यात भाषेचं सौष्ठव आहे. तिसऱ्यात, ‘अकुशल कामगाराच्या अज्ञानामुळे पाट्यांची अदलाबदल झाल्याचे निदर्शनास आले’. हा सर्वांत वस्तुनिष्ठ.

क्रांतीला टाइप करायला दिला. वाचून म्हणाली, सर, अकुशल कामगार एकच आहे आपल्याकडे. म्हटलं, मी नाव घेतलेलं नाही. म्हणाली, तिने ज्या पाटीला दगड लावला ती वाचता तरी येते का तिला? आणि कागद टेबलावर ठेवला. शेवटी, जाता जाता म्हणाली, पहिला पाठवा सर. मी आत्ता टाइप करते. दोन मिनिटांचं काम आहे.

पाठवणारच आहे. मुदत चौदा फेब्रुवारीपर्यंत आहे. घाई कशाला?

४ फेब्रुवारी
कवठे महांकाळच्या शेतकरी गौरव मंडळाचे लोक घरी आले होते. शून्य खर्चाचा वाण काढल्याबद्दल सोळा तारखेला माझा जाहीर सत्कार. फेटा, शाल, मानपत्र. आमदार येणार. पत्रिका छापून झाल्यात. माझा फोटो तिफणीवरचा, तिसऱ्या अँगलचा.

आता आली का पंचाईत? चौदाला ‘माझा वाण फसला’ असं लिहायचं आणि सोळाला त्याच वाणासाठी फेटा बांधून घ्यायचा, हे शिष्टाचाराला धरून नाही. मंडळाच्या भावनांचाही विचार केला पाहिजे.

निर्णय: पत्र सतराला पाठवायचं. दोन-तीन दिवसांनी सरकार काही मरत नाही.

१३ फेब्रुवारी
क्रांतीने पहिला मसुदा स्वतःच टाइप करून आणला. फक्त सही हवी होती. म्हटलं, सोमवारी. म्हणाली, सर, सोमवारी सतरा तारीख येते. म्हटलं, मला कॅलेंडर कळतं. तिने पेन पुढे धरलं होतं. मग खिशाला लावलं आणि सांगितलं की वडूजला अजहर सरांकडे तिची निवड झालीये, एक तारखेला जाते. जा म्हणावं! केंद्रावर एवढं शिकवलं, त्याचं हे फळ.

धोंडुबाईला केंद्राचं अजून सांगितलेलं नाही. क्रांतीलाही बजावलंय, मी सांगेन म्हणून. बाईला बीपी आहे.

१६ फेब्रुवारी
सत्कार दणक्यात. आमदार आले नाहीत, त्यांचे मेव्हणे आले. फेटा जरा घट्ट. मानपत्रात माझा उल्लेख ‘कोरडवाहूचा किमयागार’. धोंडुबाई मल्हारबरोबर पहिल्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून. टाळ्या वाजवत होती. केंद्र वाचलं म्हणून सत्कार आहे, अशी तिची समजूत. आजच्या दिवशी तिचा हिरमोड करणं माणुसकीला धरून नव्हतं.

१९ फेब्रुवारी
परवा पत्र पाठवलं. पहिला मसुदाच पाठवला, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. आज मेलने उत्तर: ‘हरकत मुदतीनंतर प्राप्त झाल्याने विचारात घेता येत नाही. सोबतच्या वृत्तपत्रातील कात्रणानुसार आपण सोळा तारखेस सदर वाणाच्या यशाबद्दल सत्कार स्वीकारल्याचे दिसते. अभिनंदन.’

बघा, नियमाचे गुलाम! मी सत्य सांगायला गेलो तर सरकार ऐकून घेत नाही. माझ्याकडून माझं कर्तव्य झालं.

३ मार्च
शाळू काढला. मूळच्या पिवळ्या वाफ्याचा उतारा किती, ते विचारलं नाही. क्रांती गेली. जाताना मापांची वही माझ्या टेबलावर ठेवून गेली.

धोंडुबाईला सांगणे. उद्या.

२० मार्च
माझी बदली सांगलीतच, प्रसिद्धी कक्षात. घरापासून दहा मिनिटं. पगार तोच. टेबल खिडकीजवळ. ह्या गडबडीत धोंडुबाईला सांगायचं राहिलं. परवा नक्की.

३१ मार्च
साडेदहाला केंद्रावर पोहोचलो. कपाटं सील केली, मशीनचं खोकं तसंच, दार ओढलं. कुलूप मीच लावलं. शिपाई नाही.

धोंडुबाई नेहमीप्रमाणे नऊला आलेली. जेवणाचा डबा झाडाला टांगलेला. म्हटलं, केंद्र बंद झालं. म्हणाली, व्हय, आज एकतीस मार्च न्हवं, तुमचं वर्साचं काम. उद्या किती वाजता येऊ? म्हटलं, उद्या नको. मग म्हणाली, परवा? म्हटलं, परवाही नको. म्हणाली, मंग कवा येऊ सायेब?

म्हटलं, कळवतो.

बरं म्हणाली. जीप सुरू केली तेव्हा आरशात दिसली. वाफ्यात जाऊन शाळवाची धसकटं वेचायला बसली होती. हजेरीपत्रक मी काल संध्याकाळीच बंद करून पाठवलंय, आजचा तिचा दिवस त्यात नाही. एवढंच तिला सांगायचं राहून गेलं.